बेंच प्रेस: रॅकवरून बार काढतानाच खांदा सुटतो, त्यावर काय करावं

बेंच प्रेसबद्दल, म्हणजे बेंचवर उताणं पडून बार छातीवर उतरवून वर ढकलण्याच्या व्यायामाबद्दल, तीन तक्रारी जिममध्ये सारख्या ऐकू येतात. पहिला रेप (बार एकदा खाली आणून वर ढकलणं) दुसऱ्या-तिसऱ्यापेक्षा जड जातो. बार रॅकच्या हुकमधून सुटताना खांद्याच्या पुढच्या बाजूला चमक येते. आणि बार वर आल्यावर हात थरथरतात, त्यामुळे तो छातीवर नेमका कुठे उतरेल याचा भरवसा वाटत नाही. बहुतेक वेळा या तिन्हींचं मूळ एकच असतं: छातीवरून बार ढकलण्याच्या आधीचे ते दोन-तीन सेकंद, ज्यात बार हुकमधून निघून खांद्यांच्या वर येतो.

हा टप्पा व्यायामात मोजलाच जात नाही. वजन अडलं की ट्रायसेप्सचे (दंडाच्या मागच्या स्नायूचे) सेट वाढतात, खांद्याचे व्यायाम वाढतात, प्रोटीनची चर्चा होते. पण बार काढतानाच खांद्याचे फरे, म्हणजे पाठीवरची चपटी हाडं, सुटले (आवळलेले सैल झाले) असतील, तर पुढचे सगळे रेप सुटलेल्या खांद्यांनीच मारले जातात. बेंचवर पडल्यापडल्या फरे पुन्हा आवळायचे म्हटलं तरी वर साठ-ऐंशी किलो तोललेले असताना ते जमत नाही. म्हणून जी काही तयारी करायची ती बार हुकमध्ये असतानाच करायची, आणि बार काढताना ती मोडू द्यायची नाही. त्यासाठी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: बार वर ढकलून काढायचा नसतो, सरळ हातांनी पुढे ओढून आणायचा असतो.

आधी दोष इथेच आहे का ते बघा

नेहमीच्या कामाच्या वजनाने एक सेट स्वतः बार काढून मारा. पुरेशी विश्रांती घेऊन तेवढ्याच वजनाचा दुसरा सेट मारा, पण या वेळी कुणाला तरी नीट बार काढून द्यायला सांगा. दुसरा सेट उघडपणे हलका गेला, तर ताकद तुमच्याकडे आहे आणि ती बार काढण्यात वाया जाते आहे. दोन्ही सेट सारखेच जड वाटले, तर अडचण दुसरीकडे आहे आणि खालचे उपाय फार उपयोगी पडणार नाहीत.

दुसरी तपासणी मोबाइलची. फोन बाजूला, बेंचच्या गादीच्या उंचीवर ठेवून रेकॉर्ड करा. पायांकडून किंवा वरून घेतलेल्या व्हिडिओत हा दोष दिसत नाही. बार हुकमधून सुटतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवा आणि खांद्याचं टोक बघा. ते गादीपासून वर उचललं गेलं असेल, किंवा कानाकडे सरकलं असेल, तर फरे सुटले. त्याच क्षणी नितंबही उचलले जातात का, हे बघून ठेवा.

हुकची उंची: निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात

बेंचवर उताणे पडा. फरे मागे आणि खाली, म्हणजे एकमेकांकडे आणि कंबरेकडे, आवळून गादीत रुतवा. तसेच ठेवून रिकामा बार धरा आणि कोपरं पूर्ण ताठ करा. एवढ्यानेच बार हुकच्या पुढच्या काठावरून सुटला पाहिजे, आणि काठ व बार यांच्यामध्ये बोटभर जागा राहिली पाहिजे. म्हणजे बार हुकमध्ये टेकलेला असताना कोपरं थोडी वाकलेली असणार, फार नाही. काठ तीन सेंटीमीटर उंच असेल तर कोपरं ताठ करताना बार चार-पाच सेंटीमीटर वर जावा.

हुक जास्त उंच असला की कोपरं ताठ करूनही बार सुटत नाही. मग माणूस नकळत खांदे वर ढकलतो, फरे गादीवरून सुटतात, आणि तेव्हा कुठे बार निघतो. व्हिडिओत खांद्याचं टोक उचललेलं दिसतं ते याचमुळे. नितंब उचलण्यामागेही बहुधा हेच कारण असतं: हात पुरत नाहीत, म्हणून सगळं अंग वर येतं.

हुक फार खाली असला तर उलटं होतं. कोपरं जवळजवळ काटकोनात वाकलेली राहतात आणि बार काढायला अर्धा रेप खर्ची पडतो, तोही बार खांद्यांच्या मागे, वाईट कोनात असताना. पहिला रेप जड जाण्याचं हे ठरलेलं कारण आहे.

पॉवर रॅकमध्ये (उभ्या खांबांच्या चौकटीत) जवळजवळ भोकं असली की हे चटकन जुळतं. पण आपल्याकडच्या पुष्कळ जिममध्ये फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंग करून घेतलेला बेंच असतो. त्याला दोन किंवा तीन ठरलेल्या खाचा असतात आणि दोन खाचांत चार बोटांचं किंवा त्याहूनही जास्त अंतर असतं. तुमची उंची नेमकी मधेच पडली तर खालची खाच घ्या. खालच्या खाचेतून काढताना ट्रायसेप्सचं थोडं काम वाढेल, पण फरे जागेवर राहतील. वरच्या खाचेत फरे जातात, आणि ते गेले की बाकी काही हाती राहत नाही. खालून काढणं अगदीच जड जात असेल तर कुणाची तरी मदत घ्या. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पकड आत-बाहेर करून उंची जुळवा असा सल्लाही मिळतो. पकड एक बोट आत घेतली की हात किंचित उंच जातात हे खरं, पण तो फरक सेंटीमीटरभराचाही नसतो. तेवढ्यासाठी आपली बसलेली पकड बदलू नये. रॅक आणि बेंच वेगवेगळे असतील तर मात्र एक सोपा उपाय आहे: बेंचच्या सगळ्या पायांखाली एकाच जाडीचे रबरी मॅट घाला. लोखंडी प्लेटा रचून बेंच उंच करू नका. त्या घसरतात, आणि तुम्ही त्या वेळी बारखाली असता.

बारखाली किती सरकून पडायचं

इथे थोडं गणित कामाला येतं. बार खांद्याच्या सांध्याच्या बरोबर वर असतो तेव्हा त्याचा भार हाडांमधून सरळ खाली गादीत उतरतो. तो सांध्याच्या जितका मागे, म्हणजे डोक्याकडे, तितका खांद्यावर पीळ वाढतो. ८० किलोचा बार सांध्याच्या १५ सेंटीमीटर मागे असेल तर दोन्ही खांद्यांवर मिळून सुमारे ११८ न्यूटन-मीटर पीळ येतो. तेच अंतर ८ सेंटीमीटरवर आणलं तर तो सुमारे ६३ होतो. वजन तेवढंच आहे, फक्त तुम्ही बेंचवर एक वीतही न सरकता खांद्याचं काम जवळजवळ निम्मं केलंत.

म्हणून रॅकच्या जितकं जवळ पडता येईल तितकं पडा. मर्यादा एकच: रेप मारताना बार हुकवर किंवा खांबांवर आपटता कामा नये. बार छातीच्या खालच्या भागावर उतरतो आणि तिथून तिरका खांद्यांकडे वर जातो, त्यामुळे तो रॅकच्या सर्वांत जवळ येतो तो वर पोचल्यावर. डोळे बारच्या बरोबर खाली, किंवा बारच्या किंचित पायांकडच्या बाजूला, ही सुरुवात धरा. रिकाम्या बारने काही रेप मारा. बार हुकला लागला तर दोन सेंटीमीटर पायांकडे सरका आणि पुन्हा बघा. तुमची जागा सापडली की डोळ्यांसमोर बारचा कुठला भाग येतो ते लक्षात ठेवा, म्हणजे प्रत्येक सेटला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

पायांनी जोर लावल्यावर अंग डोक्याकडे थोडं सरकतं, हेही त्यात धरा. घाम आला की रेक्झिनच्या गादीवर ते फारच सरकतं, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळी दमटपणात तर पहिल्या सेटपासूनच. गुळगुळीत ड्राय-फिट टी-शर्टपेक्षा साधा सुती टी-शर्ट बरा. त्यानेही भागलं नाही तर स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये भांड्यांखाली घालतात ती जाळीदार रबरी मॅट फऱ्यांखाली अंथरा. स्वस्त आहे, कुठेही मिळते आणि पाठीला घट्ट पकड देते. टॉवेल मात्र टाळा, गादी आणि पाठ यांच्यामध्ये तो स्वतःच सरकतो.

बार काढण्याची क्रिया

पाय आधी जमिनीवर पक्के करा. बार धरा, अंगठा बारभोवती गुंडाळा. अंगठा न गुंडाळता बार धरणाऱ्यांना मी नेहमी टोकतो, कारण बार हातातून निसटला तर तो छातीवर किंवा गळ्यावर येतो, आणि बार काढताना निसटायची भीती सर्वांत जास्त असते. बार बोटांच्या मुळाशी लोंबकळू न देता तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर बसवा, म्हणजे मनगट मागे मोडणार नाही.

आता बारला धरूनच छाती वर उचला, फरे आवळा आणि ते गादीत रुतवत खांद्यांवर वजन घ्या. मग नितंब खाली टेकवा. पोटभर श्वास घ्या आणि धरून ठेवा. श्वास सोडला की छाती बसते आणि तिच्याबरोबर खांदेही ढिले पडतात. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी श्वास धरून वजन उचलण्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं.

पुढचा क्रम नीट बघा, कारण इथेच घाई होते. आधी बार हुकमध्ये असतानाच कोपरं ताठ करा आणि बार काठावरून सोडवा, लागेल तेवढाच, एक सेंटीमीटरही जास्त नको. मग कोपरं तशीच ताठ ठेवून बार पायांकडे ओढा. ही ओढ छातीतून किंवा खांद्यातून येत नाही. ती बगलेखालून, पाठीच्या बाजूच्या लॅट्समधून यायला हवी. विहिरीवर रहाट ओढताना बगलेखाली जो ताण जाणवतो, तोच इथे जाणवला पाहिजे. बार खांद्यांच्या बरोबर वर आला की थांबा. एक पूर्ण सेकंद. बार शांत झाला, थरथर थांबली, की वाटल्यास वरून अर्धा श्वास आणखी घ्या आणि मगच खाली आणा.

हा थांबा कुणी घेत नाही. माझ्या मते एखादाच बदल करायचा असेल तर तो हाच करावा. हलत्या बारला खाली सोडलं तर तो हलतच छातीवर पोचतो. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत तर हा नियमच आहे. इंटरनॅशनल पॉवरलिफ्टिंग फेडरेशनच्या नियमांनुसार कोपरं ताठ आणि बार स्थिर झाल्याशिवाय मुख्य पंच ‘स्टार्ट’ची खूण देत नाही, आणि त्याआधी बार खाली आणला तर ती उचल बाद होते. जिममध्ये पंच नसतो, पण मनातल्या मनात तो ‘स्टार्ट’ स्वतःलाच म्हणायची सवय लावा.

लॅट्सची ओढ जाणवतच नसेल तर केबलवर सरळ हातांचा पुलडाउन करा. लॅट मशीनसमोर उभं राहून कोपरं न वाकवता बार डोक्यासमोरून मांड्यांपर्यंत खाली आणायचा. बेंचच्या आधी हलक्या वजनाने बारा-पंधरा रेपचे दोन सेट पुरेत. हेतू दमवण्याचा नाही, स्नायू जागा करण्याचा आहे. त्यानंतर रिकाम्या बारवर फक्त एवढंच करा: बार काढायचा, खांद्यांवर आणायचा, थांबायचा, परत ठेवायचा. रेप नको. पाच-सहा वेळा. वॉर्मअपचा प्रत्येक सेट, अगदी २० किलोचाही, याच क्रमाने काढा. हलकं असताना ढकलून काढलं तर जड असतानाही हात तेच करतात.

बार काढून देणारा माणूस

चांगली मदत मिळाली तर फऱ्यांना धक्काही लागत नाही. वाईट मदत मात्र एकट्याने काढण्यापेक्षाही नुकसान करते. उत्साही मदतनीस बार झटक्यात वर उचलतो, तुमचे हात आणि खांदे त्याच्याबरोबर वर जातात, आणि मग तो एकदम सोडतो. पुढे तुम्ही सैल खांद्यांनी बार झेलत असता.

म्हणून सेटच्या आधी स्पष्ट बोलून घ्या. ‘दादा, बार काढून द्या. मी तीन म्हटलं की उचला, पण वर नको, फक्त काठावरून सोडवा आणि पुढे आणा. मी “सोडा” म्हटलं की हळूहळू सोडा.’ एवढं बोलायला कुणी संकोच करू नये. मदत करणाऱ्याने दोन्ही हात बारच्या मधोमध, तुमच्या हातांच्या आत, सारख्या अंतरावर ठेवावेत, नाहीतर एक बाजू आधी सुटते. तीन मोजतानाही तुमच्या कोपरांनी आणि लॅट्सनी आपलं काम करायचंच आहे. मदतनीस फक्त उरलेला भार घेतो.

आणि बार सोडला की त्याने खरंच सोडावा. दर रेपला दोन बोटं बारखाली ठेवून ‘सगळं तुझंच, सगळं तुझंच’ म्हणणाऱ्या मित्रामुळे आपलं खरं वजन किती हे कळतच नाही, आणि त्याच आकड्यावर एकटं बारखाली पडणं धोक्याचं होतं.

एकच बाजू आधी सुटत असेल तर

डावी-उजवी बाजू वेगवेगळ्या वेळी सुटते तेव्हा ‘माझा डावा हात कमजोर आहे’ असं लगेच ठरवू नका. आधी साधनं बघा. दोन्ही हुक एकाच उंचीवर आहेत का, एखादा वाकलाय का? बार हुकांवर मधोमध आहे का? तुम्ही बेंचच्या मध्यावर आहात का? पकड मोजा. स्पर्धेच्या पॉवरलिफ्टिंग बारवर दोन खुणांच्या रेषांमध्ये ८१ सेंटीमीटर अंतर असतं, त्यावरून दोन्ही हात सारखे ठेवता येतात. पण जिममधल्या साध्या रॉडवर अशा खुणा नसतात, किंवा रॉडचा खरखरीत भाग दोन्हीकडे सारखा नसतो. तिथे टेपने दोन्ही टोकांपासून मोजून चिकटपट्टीची खूण करून घ्या. जुन्या प्लेटा वजनकाट्यावर ठेवून बघा, छापलेला आकडा आणि खरं वजन यांत फरक सापडू शकतो. हे सगळं सारखं करूनही तीच बाजू मागे राहिली, तर मग डंबेलवर एकेका हाताचं काम वाढवण्यात अर्थ आहे.

परत ठेवताना

काढणं सुधारलं तरी शेवटच्या दमलेल्या रेपनंतर बार थेट छातीवरून हुककडे फेकायची सवय राहते. इथेही कोपरं आधी खांद्यांच्या वर ताठ करा. मग ताठ हातांनी बार मागे न्या, दोन्ही खांबांना टेकल्याचा आवाज येऊ द्या, आणि त्यानंतर खाली बसवा. हुक बघायला मान वळवू नका. मान वळली की एक खांदा उचलतो आणि एकच बाजू हुकमध्ये बसते.

एकटेच असाल तर शक्यतो पॉवर रॅकमध्ये बेंच करा आणि सेफ्टी बार (बार निसटला तर अडवणारे आडवे दांडे) छातीच्या जरा खाली लावा, इतक्या उंचीवर की छाती फुगवलेली असताना बार त्यांना लागणार नाही, पण छाती सपाट केली की बार त्यांच्यावर टेकेल. तशी सोय नसलेल्या बेंचवर एकट्याने जड वजन लावू नका.

पहिले दोन आठवडे नेहमीच्या वजनाच्या ८० टक्क्यांच्या आसपासच राहा. नवा क्रम अंगवळणी पडेपर्यंत वजन वाढवलं, तर शरीर जुन्या पद्धतीवरच परत जातं. या काळात दर सेटचा व्हिडिओ घ्यायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, सर्वांत जड सेटचा, त्याच कोनातून घ्या आणि खांद्याचं टोक बघा.

हे सगळं जुळूनही बार काढताना चमक येत राहिली, रात्री त्या कुशीवर झोपता येईनासं झालं, हात डोक्यावर नेताना दुखू लागलं किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर तो तंत्राचा प्रश्न राहिलेला नाही. बेंच थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. जाताना तो बाजूने घेतलेला व्हिडिओ बरोबर ठेवा. खांदा कुठे आणि कधी दुखतो हे शब्दांत सांगण्यापेक्षा तो दाखवणं त्यांना जास्त उपयोगी पडतं.